दहावीची पोरं आणि कुलूप लागलेली घरं

प्रति,
संस्थाचालक, मुख्याध्यापक, शाळा समित्यांचे सदस्य, सरपंच आणि माजी विद्यार्थी मंडळी,
बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील माध्यमिक शाळा, जिल्हा बीड



गुणगौरव सोहळे आटोपले. चौकातले फ्लेक्स पावसाने विटले, ट्रॉफ्या कपाटांवर चढल्या. हे पत्र त्या सोहळ्यांबद्दल नाही, येणाऱ्या चार महिन्यांबद्दल आहे. ऊसतोडीसाठी मुकादमांनी आगाऊ दिलेली उचल घराघरांत पोचली आहे आणि बरीचशी खर्चूनही झाली आहे. दसरा झाला की टोळ्या निघायला लागतील. दिवाळी सरेपर्यंत आपल्या वस्त्यांवर आणि तांड्यांवर घरामागून घराला कुलूप लागेल. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, पार बेळगावपर्यंत आपली माणसं फडात उतरतील आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, परतणार नाहीत. नेमक्या याच दिवसांत त्यांच्या दहावीतल्या लेकरांची पूर्वपरीक्षा, प्रात्यक्षिकं आणि बोर्डाची परीक्षा असते.

मी याच पट्ट्यात माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवून निवृत्त झालो. तेव्हा हे लिहिताना कोणाला शहाणपण शिकवण्याचा आव नाही. तुम्हाला हे सगळं माहीत आहे. माहीत असूनही आपण दरवर्षी ते हवामानासारखं सोसतो, ही माझी तक्रार आहे.

सरकारची मदत कुठे थांबते ते आधी पाहू. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. वय ६ ते १४, आठवीपर्यंत. शाळेतली खिचडी आठवीपर्यंत. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर मुलं गावातच राहावीत म्हणून चालणारी हंगामी वसतिगृहं, तीही याच वयोगटासाठी. आपल्याकडे पाचवी ते दहावीच्या शाळा पुष्कळ आहेत. तिथे मधल्या सुट्टीत आठवीची रांग ताटं घेऊन बसते आणि नववी-दहावी मैदानाच्या कडेला उभी राहते. ज्यांच्या घरी आई आहे त्यांच्या हातात डबा असतो. ज्यांची आई फडात आहे, ती पोरं पाणी पिऊन वर्गात येतात आणि पाचव्या तासाला आपण त्यांना ‘लक्ष कुठंय?’ म्हणून विचारतो.

घर एकच धरा. धाकटा सहावीत, थोरली दहावीत. आईबाप कारखान्याला गेले. धाकट्याला हंगामी वसतिगृहात दोन वेळचं जेवण मिळतं. थोरली पहाटे उठून आजीसाठी भाकरी थापते, शेळ्यांचं बघते, पाणी आणते आणि मग शाळेला चालत निघते. संध्याकाळी हेच सगळं उलट क्रमाने. पुस्तक हातात येतं रात्री नऊला, तेही लाइट असली तर. ही मुलगी भूमितीत ४० पैकी १२ गुण घेते तेव्हा ती ‘कच्ची’ ठरते. मी शिक्षक म्हणून सांगतो, तिला प्रमेय अवघड जात नाही, तिला बसायला वेळच मिळत नाही.

आणि हे झालं मागे राहिलेल्या मुलीचं. पुष्कळ मुली मागे राहतच नाहीत. वयात आलेल्या लेकीला म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर सोडायचं कसं, या काळजीने आईबाप तिला बरोबर नेतात. मग ती कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, स्वयंपाक करते, धाकटी भावंडं सांभाळते, मोळ्या बांधू लागते. पुढची पायरी आपल्याला ठाऊक आहे. उचल कोयत्यावर मिळते आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यामुळे लग्न लावून देण्यात काळजीही मिटते आणि हिशेबही बसतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी चाळिसांहून अधिक जणींची लग्नं अठराच्या आत झाल्याचं आढळलं. आपल्या हजेरीपटावर या मुलींच्या नावापुढे ‘सतत गैरहजर’ असा शेरा पडतो आणि विषय संपतो.

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणार नाही. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासकीय वसतिगृहांची योजना आली. ४१ तालुके, ८२ वसतिगृहं, प्रत्येकी १०० जागा. योजना चांगली आहे. पण तालुक्याला शंभर मुलगे आणि शंभर मुली एवढाच आकडा घेऊन एखाद्या मोठ्या वस्तीवर जाऊन उभे राहा, म्हणजे तो किती पुरतो ते कळेल. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ते दाखवून लहान मूल फडाजवळच्या शाळेत बसू शकतं. दहावीच्या मुलाला त्याचा काय उपयोग? त्याचं आवेदनपत्र एका शाळेतून भरलेलं, प्रात्यक्षिकाची वही त्याच शाळेत, अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण त्याच शिक्षकांच्या हातात. त्याला गावातच राहावं लागतं. त्यात परीक्षा अलीकडे सरकली. २०२४ ला १ मार्चला सुरू झालेली दहावीची लेखी परीक्षा २०२५ ला २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. पुरवणी परीक्षा आणि अकरावीचे प्रवेश वेळेत व्हावेत म्हणून हे केलं, हेतू योग्यच आहे. पण मार्चअखेर आई येईल आणि शेवटच्या दोन पेपरांना तरी घरी गरम भाकरी मिळेल, ही जी थोडीबहुत आशा होती तीही त्यात गेली.

आता शाळांच्या कारभाराबद्दल. ‘शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा’ हे वाक्य आपल्या प्रवेशद्वारांवर रंगवलेलं असतं. ही परंपरा कशी टिकते हे गावातल्या टपरीवरही माहीत आहे. नववीतच काही पोरांना ‘तुला झेपणार नाही’ असं सांगितलं जातं. काहींच्या पालकांना बोलावून दाखला हातात दिला जातो आणि बाहेरून बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरा म्हणून वाट दाखवली जाते. काहींची ७५ टक्के हजेरी भरत नाही, आणि ती का भरत नाही हे विचारायला कोणी जात नाही. वगळलेल्यांत बहुतेक कोयत्याच्याच घरची पोरं असतात. मला विचाराल तर ज्या शाळेने डोंगरातली पंचवीसची पंचवीस पोरं परीक्षेला बसवली आणि त्यातली चार नापास झाली, ती शाळा शंभर टक्केवाल्या शाळेपेक्षा मोठी. संस्थाचालकांनी मुख्याध्यापकांना निकालाच्या टक्क्यावरून जाब विचारणं थांबवलं तर हे वगळणं उद्या बंद होईल. मुख्याध्यापक बिचारे दोन्हीकडून चेपले जातात, हेही मला दिसतं.

मग मागणं काय? मुख्य एकच, आणि ते फार मोठं नाही. दिवाळीनंतर परीक्षेपर्यंत, ज्यांची घरं बंद आहेत अशा दहावीच्या मुलांसाठी शाळा संध्याकाळी आणि रात्रीही उघडी ठेवा आणि तिथे एक वेळचं जेवण द्या.

यात नवं काही नाही. दहावीची पोरं अंथरूण-पांघरूण काखोटीला मारून शाळेत झोपायला यायची, हे आपल्यातल्या पन्नाशीच्या माणसांना आठवत असेल. एखादे सर वर्गातच मुक्काम ठोकायचे, पहाटे पाचला पोरांच्या अंगावरची पांघरुणं ओढायचे. त्या रात्र अभ्यासिकांतून निघालेली माणसं आज तलाठी आहेत, फौजदार आहेत, डॉक्टर आहेत, आणि जूनच्या सोहळ्यात तीच व्यासपीठावर बसतात. मानव विकास कार्यक्रमातही आठवी ते बारावीच्या मुलांसाठी शाळांत अभ्यासिका चालवण्याची तरतूद आलेली आहे. आपल्या शाळेला ती मिळते का, मिळत असेल तर दिवे संध्याकाळी लागतात की फक्त कागदावर, हे शाळा समितीने एकदा विचारून पाहावं. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, कारण गरिबाचं पोर शिकायचं तर आधी त्याच्या राहण्याजेवणाची सोय लागते हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांची तसबीर आपल्या अनेक कार्यालयांत आहे. तिच्याखाली बसून आपण नव्या प्रवेशद्वाराच्या कमानीचं अंदाजपत्रक मंजूर करतो.

खर्चाचा हिशेब मांडतो, गणिताच्या मास्तराला तेवढं करू द्या. एका शाळेत अशी वीस पोरं धरा. शंभर दिवस धरा. दोन हजार ताटं होतात. भाकरी, पिठलं, भात, वरण, एखादी भाजी. गावात बचत गट आहेत, त्यांच्या बायकांना रास्त पैसे देऊन हे काम सहज होईल. ज्वारीची पोती गोळा करणं आपल्या गावांना नवीन नाही, सप्ताहाला आपण सात दिवस अख्ख्या पंचक्रोशीला जेवू घालतो. सप्ताहाची पंगत असते तशीच ही पंगत, फक्त वीस पोरांची. माजी विद्यार्थी मंडळींनी सत्काराच्या फेट्यांचा, मंडपाचा आणि फ्लेक्सचा खर्च एक वर्ष इकडे वळवावा. सत्कार करूच नका असं नाही म्हणत, शालीऐवजी नारळ द्या, चालतं.

मुलींचं वेगळं बोलायला हवं. मुलगे शाळेत झोपतील. मुलींची सोय गावातल्या एखाद्या भरवशाच्या घरी किंवा शाळेच्या बंद खोलीत, आणि सोबतीला मुक्कामाला बाई असेल तरच करावी. हे काम फुकटात कोणाच्या गळ्यात मारू नका. त्या बाईला पगार द्या, तिचं नाव आणि फोन नंबर प्रत्येक आईला द्या. लेक कुठे झोपते, कोणाजवळ झोपते हे आईला ठाऊक असलं तर लेकीला फडावर नेण्याचं निम्मं कारण संपतं. उरलेलं निम्मं गरिबीचं आहे, ते आपल्या हातात नाही.

दुसरी गोष्ट निरोपांची. शाळेच्या सगळ्या बातम्या आता पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातात. फॉर्मची मुदत, पूर्वपरीक्षेचं वेळापत्रक, सगळं पीडीएफमध्ये, सरकारी मराठीत. ज्या बापाचा फोन ट्रॅक्टरच्या बॅटरीवर तीन दिवसांतून एकदा चार्ज होतो, ज्या आईला अक्षरओळख नाही, त्यांनी ती पीडीएफ उघडून काय करायचं? वर्गशिक्षकांनी आठवड्याला दोन मिनिटांचा आवाजी निरोप पाठवावा, आपल्या बोलीत. ‘तुमचा पोरगा या आठवड्यात रोज आला, बीजगणितात सुधारला, तब्येत चांगली आहे.’ एवढंच. तळावर पन्नास कोप्या शेजारी शेजारी असतात, एका फोनवर आलेला निरोप दहा घरं ऐकतात. मुकादमाचा नंबर तर सगळ्यांकडेच असतो. पैशाच्या वसुलीला तो चालतो, तर पोराच्या खुशालीलाही चालेल. आज शाळेकडून फडावर दोनच बातम्या पोचतात, एक फी भरायची आणि दुसरी पोरगं येत नाही म्हणून. शिवाय तळावरून आईने केलेला फोन शाळेत घेतला जाईल आणि तिच्याशी नीट बोललं जाईल, एवढं पाहा. कार्यालयातून ‘सर तासावर आहेत’ म्हणून फोन ठेवलेले मी स्वतः ऐकले आहेत.

परीक्षा मंडळाला आणि शिक्षण खात्याला जाता जाता. कॉपीमुक्त अभियानासाठी संवेदनशील केंद्रांवर ड्रोन फिरतात, भरारी पथकं येतात. यावं त्यांनी. पण डिसेंबर-जानेवारीत, दहावीचं पोरगं उपाशी अभ्यास करतं तेव्हा एकही पथक इकडे फिरकत नाही. हंगामी वसतिगृहाची आणि शालेय पोषण आहाराची मर्यादा दहावीपर्यंत वाढवा, ही मागणी शाळा समित्यांच्या ठरावांतून वर गेली पाहिजे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०३० पर्यंत माध्यमिक स्तरापर्यंतचं प्रत्येक मूल शाळेत असावं असं म्हणतं. आठवीनंतर ताट काढून घेऊन ते कसं जमणार?

आणि नापासांबद्दल एक. २०२५ च्या निकालात राज्यातून १५ लाख ४६ हजारांवर नियमित विद्यार्थी बसले, ९४.१० टक्के उत्तीर्ण झाले. सगळ्यांनी टक्का छापला. उरलेली सुमारे ९१ हजार मुलं होती. त्यांना जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीने अकरावीला बसता येतं. हे सगळं त्यांना सांगतं कोण? त्या दिवशी शाळा पेढे वाटण्यात असते. निकालाच्या दिवशी पहिला फोन पहिल्या आलेल्याला न करता राहिलेल्याला करावा. ते दिवस मे महिन्याचे, आईबाप परतलेले असतात, घर उघडं असतं. वर्गशिक्षकाने उंबऱ्यावर जाऊन ‘फॉर्म भरू, दोन विषयच आहेत’ असं सांगितलं तर पुढच्या हंगामात एक कोयता कमी होईल.

याद्यांचं काम घटस्थापनेच्या आत उरका. दहावीतलं कोणतं पोर कोणाकडे राहणार, कोणत्या मुलीला बरोबर नेण्याचा विचार आहे, कोणाचा मुकादम कोण, हे वर्गशिक्षकांनी घरी जाऊन लिहून आणावं आणि शाळा समितीने त्याच आठवड्यात बैठक लावावी. टोळ्या निघून गेल्यावर विचारायला घरी कोणी नसतं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक