टोपाखालचा पावसाळा

पावसाळ्यापूर्वी गोदामात पोत्यांची थप्पी लावताना जुने व्यापारी आधी खाली लाकडी फळ्या टाकत. छतातून गळणारे पाणी डोळ्यांना दिसते. जमिनीतून चढणारी ओल मात्र सर्वांत खालचे पोते उचलल्यावरच कळते, आणि तोवर माल गेलेला असतो. ज्या घरांत हा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला, त्याच घरांच्या मोहोपाडा परिसरातील बंगल्यांत हिरवळ कापण्याचे यंत्र, म्हणजे लॉन मोअर, काम झाल्यावर ओल्या फरशीवर तसेच उभे केलेले आढळते. वरून फडक्याने पुसलेले, खालून गवताने लिंपलेले.

हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सच्या कारखान्याभोवती रसायनीची वसाहत वाढली, तशी शेजारच्या मोहोपाड्याची बाजारपेठही वाढली. आता पाताळगंगेच्या खोऱ्यात आणि कर्जत-खालापूरच्या डोंगरपायथ्याशी मुंबईकर कुटुंबांची सुट्टीची घरे आहेत व बहुतेकांपुढे हिरवळ आहे. येथे वर्षाकाठी साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. गवत सर्वांत जोमाने वाढते ते याच काळात. म्हणजे यंत्राला काम सर्वांत जास्त असते तेव्हाच गवत सर्वांत ओले असते.

पात्यावरच्या पत्र्याच्या टोपाला कारागीर डेक म्हणतात. तो केवळ झाकण नव्हे. पाते मिनिटाला साधारण 3,000 फेरे घेते. पाते 21 इंचांचे असेल तर त्याच्या टोकाचा वेग ताशी 300 किलोमीटरच्या घरात जातो. आकडेमोड करून पाहणाऱ्यास याची खात्री पटेल. या वेगाने टोपाखाली जो वारा उठतो, तो गवताची पाती उभी करतो आणि कापलेला चुरा पिशवीत फेकतो. टोपाच्या आतील वळणावर चुऱ्याचा थर बसला की वाऱ्याची वाट अडते. मग हिरवळ उंचसखल कापली जाते, मागे गवताचे गोळे पडतात आणि इंजिन कण्हू लागते. माळ्यास बोल लावला जातो; दोष टोपाखाली असतो.

(1830 साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग यांनी हिरवळ कापण्याच्या पहिल्या यंत्राचे पेटंट घेतले. गिरणीत कापडावरची लव कातरणाऱ्या यंत्रावरून त्यांना ती कल्पना सुचली होती, हे कापडाच्या व्यापारात असलेल्या वाचकांस रुचेल. त्या यंत्रात फिरणारा रूळ होता. आजच्यासारखे आडवे पाते आणि त्यावरचा टोप नंतरचे.)

खरा तोटा गंजाचा. ओला चुरा पत्र्याला चिकटून राहतो, कुजतो, आणि पोटीस बांधल्यासारखी ओल धरून ठेवतो. हिरवळीला घातलेल्या खताचे क्षार त्यात मिसळले की गंजाला घाईच होते. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो. तो खालच्या धातूला झाकत नाही, उलट पाणी आत नेतो. रंगाला एकदा पोपडा आला की पत्रा आतून खाल्ला जातो आणि एखाद्या पावसाळ्यात टोपाला भोक दिसते. आयकराच्या हिशेबात व्यवसायाच्या यंत्रसामग्रीवर सर्वसाधारणपणे 15 टक्के घसारा मिळतो. मोहोपाड्याचा पाऊस हा दर मानत नाही.

यावर उपाय महाग नाही, पण तो त्याच दिवशी करावा लागतो. ओला चुरा लाकडी पट्टीने किंवा नारळाच्या करवंटीने सहज निघतो. तोच दोन दिवसांनी शेणाच्या पोपड्यासारखा घट्ट होतो आणि मग कोणीतरी लोखंडी खुरपे घेऊन रंगासकट खरवडतो. त्या उबदार थरात बुरशी धरते, किडे होतात. जयणा पाळणाऱ्या घराला हे कारणही पुरेसे आहे. पाण्याचा जोरदार फवारा टाळावा, कारण पाणी पात्याच्या दांड्याच्या बेअरिंगमध्ये शिरते. ओल्या फडक्याने पुसून, कोरडे करून यंत्र दोन विटांवर किंवा फळीवर ठेवावे. विजेवरच्या यंत्रास पाणी लावूच नये.

मात्र टोपाखाली हात घालण्यापूर्वीची शिस्त या साऱ्याहून महत्त्वाची, आणि तीच सर्वाधिक मोडली जाते. पेट्रोलच्या यंत्रात पाते इंजिनाच्या दांड्यालाच जोडलेले असते. चुरा काढताना पाते हाताने फिरले तर इंजिनही फिरते, आणि ठिणगी पडायला त्याला बॅटरी लागत नाही. म्हणून आधी स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला ठेवावी, इंजिन निवू द्यावे, पेट्रोलचा कॉक बंद करावा. विजेच्या यंत्राची पिन सॉकेटमधून बाहेर काढावी, बॅटरीच्या यंत्राची बॅटरी; नुसते बटण बंद करून भागत नाही. पेट्रोलचे यंत्र कलते करताना एअर फिल्टर आणि कार्बोरेटरची बाजू वर राहावी. उलट्या बाजूने कलते केल्यास ऑईल फिल्टरमध्ये उतरते, पुढच्या वेळी पांढरा धूर निघतो आणि मेकॅनिकचे बिल येते.

बिल मालक भरतो. बोटे माळ्याची जातात. यंत्र मुंबईहून येते, पुस्तिका इंग्रजीत असते आणि ती बहुधा मालकाच्या कपाटात राहते. टोपाखाली हात घालणारा मनुष्य वाडीवरचा असतो. त्याला यंत्र सुरू कसे करावे एवढेच दाखवलेले असते. जाड हातमोजे, एक लाकडी पट्टी आणि प्लगची वायर काढून दाखवण्याची पाच मिनिटे, एवढा खर्च यंत्राच्या किमतीत धरलेला नसेल तर खरेदी अपुरी झाली असे समजावे.

रंगाचे काम पावसात होत नाही. थर वाळतच नाही. अक्षय तृतीयेनंतरचे कोरडे दिवस त्यासाठी उत्तम. पाते उतरवावे, सैल गंज तारेच्या ब्रशने काढावा, पॉलिश पेपरने घासून थिनरने पुसावे. मग रेडऑक्साइडचा हात आणि वाळल्यावर इनॅमलचे दोन पातळ हात. दांड्याला व बोल्टला आधी चिकटपट्टी लावावी, आणि प्रत्येक हात पूर्ण वाळेपर्यंत धीर धरावा. पाते उतरलेलेच असते, तर धारही त्याच वेळी लावून घ्यावी; दोन्ही बाजूंनी सारखी घासावी, नाहीतर यंत्र थरथरते. खिळ्यावर मधोमध अडकवून पाते आडवे राहते का, हे पाहणे एवढीच त्याची परीक्षा.

गॅरेजमधले जळके ऑईल टोपाला आतून फासण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो घेऊ नये. चिकट ऑईलवर चुरा अधिकच बसतो, आणि जे उरते ते हिरवळीत ठिबकते. ग्रीसचेही तेच. कोरडा सिलिकॉन स्प्रे मारल्यास चुरा कमी चिकटतो, पण त्याचा गुण दोन-चार कापण्यांपुरताच. पट्टी चालवण्याला तो पर्याय नाही.

आषाढ-श्रावणात गवत कोरडे मिळणे कठीण. उघडीप पाहून, दुपारी, वरचा एक तृतीयांश भागच कापावा. फार वाढू देऊन एकदम कापल्यास थर दुप्पट बसतो. त्याआधी हिरवळीवरून एक फेरी मारून बेडूक, गोगलगायी काठीने अलगद बाजूला कराव्यात. सप्ताहअखेरीस येणाऱ्या मालकाने घराचे दार उघडण्यापूर्वी शेडकडे जावे, वायर काढलेली आहे हे पाहून यंत्र कलते करावे आणि बॅटरीच्या उजेडात टोपाखाली एकदा पाहावे.