कडक डोहाळे आणि तीन महिन्यांची गुप्तता

आपल्या घरांत नवी खबर तीन महिने कोणाला सांगत नाहीत. नजर लागेल, काही कमीजास्त झाले तर चारचौघांत चर्चा होईल, म्हणून ती गोष्ट नवरा-बायकोत, फार तर सासूपर्यंत राहते. या भीतीला आम्ही हसत नाही. गर्भ पडण्याचा धोका पहिल्या तीन महिन्यांतच जास्त असतो, हे डॉक्टरही सांगतात. पण याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडत असते. मळमळ साधारण सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्या आठवड्याच्या आसपास ती सर्वांत जोरात असते आणि बहुतेकींची सोळाव्या आठवड्यापर्यंत ओसरते. म्हणजे ज्या दिवसांत मुलीला मदतीची सर्वांत जास्त गरज, त्याच दिवसांत तिने "मला काही झालेले नाही" असे दाखवत वावरायचे!

दहांपैकी सात-आठ गर्भवतींना हा त्रास कमीअधिक प्रमाणात होतो. मराठीत आपण म्हणतो, डोहाळे कडक लागलेत. उर्दूत म्हणतात, जी मिचलाता है. इंग्रजीत त्याला 'मॉर्निंग सिकनेस' म्हणतात, पण ते नाव फसवे आहे. मळमळ सकाळपुरती नसते, कित्येकींना ती दिवसभर असते. वासही एकदम तीव्र वाटू लागतात. आमचे वसमत हळदीचे गाव. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेताशेतांत हळद शिजते, वाळते आणि तिचा वास वस्तीपर्यंत येतो. एरवी तो कोणाच्या लक्षातही येत नाही. अशा दिवसांत मात्र एखादीला तोच वास घराबाहेर पडू देत नाही, आणि घरात थांबावे तर लसणाची फोडणी!

अशा वेळी मोठ्या बायका पटकन बोलून जातात, "आम्हीही लेकरे जन्माला घातली, आम्ही कधी चूल सोडली नाही." यात कोणाची परीक्षा नाही. प्रत्येकीचे शरीर वेगळे. २०२३ साली 'नेचर' या नियतकालिकात केंब्रिज विद्यापीठातील आणि इतर शास्त्रज्ञांचे संशोधन प्रसिद्ध झाले. गर्भाकडून जीडीएफ-१५ नावाचे एक संप्रेरक आईच्या रक्तात येते आणि मेंदूतील मळमळीचे केंद्र जागे करते. गर्भ राहण्यापूर्वी जिच्या शरीरात हे संप्रेरक कमी असते, तिला त्याची सवय नसते, म्हणून तिला त्रास जास्त होतो. थोडक्यात, हे नखरे नव्हेत आणि कामचुकारपणाही नव्हे.

मग घरात काय करता येईल? उठल्याबरोबर उभे राहू नये. उशाशी टोस्ट, मुरमुरे किंवा भाजलेले चणे ठेवावेत, दोन घास खाऊन दहा-पंधरा मिनिटांनी उठावे. पोट रिकामे राहिले की मळमळ वाढते, म्हणून तीन वेळच्या भरपेट जेवणाऐवजी दर दोन तासांनी थोडे खावे. तळकट, मसालेदार पदार्थ काही दिवस बाजूला ठेवावेत. थंड अन्नाला वास कमी येतो, त्यामुळे दहीभात, ताक, गार केलेली ज्वारीची आंबील अनेकींना सोसते. पाणी एकदम न पिता घोटघोट प्यावे. आल्याचा तुकडा किंवा आल्याचा हलका चहा काहींना उपयोगी पडतो. उलटीनंतर लगेच दात घासू नयेत, नुसती चूळ भरावी. आणि ज्या आठवड्यांत त्रास जोरात आहे, तेवढे आठवडे फोडणी दुसऱ्या कोणी द्यावी. ती जाऊ देईल, नणंद देईल, नाहीतर नवरा देईल. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः घरकामात हातभार लावत, हे आपण मुलांना शिकवतोच.

रोजाचा प्रश्न नाजूक आहे. गेली काही वर्षे रमजान नेमका हळदीच्या हंगामात येतो आहे. गर्भवतीला स्वतःच्या किंवा बाळाच्या तब्येतीची भीती असेल तर रोजा न ठेवण्याची सवलत आहे, ते रोजे पुढे पूर्ण करता येतात. हे सर्वांना माहीत असते. तरीही केवळ "रोजा नाही म्हटले तर घरात सगळ्यांना कळेल" म्हणून उलट्या होत असताना रोजा ठेवणाऱ्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. गुप्ततेसाठी तब्येत पणाला लावावी, असे कोणीच सांगितलेले नाही.

लपवण्याच्या नादात आणखी एक धोका होतो. मेडिकलमधून गुपचूप गोळी आणली जाते. थॅलिडोमाइड नावाचे औषध १९५७ साली जर्मनीत विक्रीला आले आणि गर्भवतींना मळमळीसाठी दिले गेले. १९६१ साली ते तिथे मागे घेतले गेले, पण त्या औषधामुळे जगभरात सुमारे १०,००० बालके हातापायांचे व्यंग घेऊन जन्मली. आज डॉक्टरांकडे सुरक्षित औषधे आहेत, ब-६ जीवनसत्त्वाची गोळीही त्यांत आहे. पण ती त्यांनीच लिहून द्यायला हवीत. पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक अॅसिडची गोळी चुकवू नये. लोहाची गोळी साधारण चौथ्या महिन्यापासून देतात. ती आधीच सुरू असेल आणि मळमळ वाढत असेल तर डॉक्टरांना विचारावे.

काही खुणा दिसल्या तर वाट पाहू नये. दिवसभर पाणीही पोटात टिकत नाही, लघवी अगदी कमी किंवा गडद होते, उभे राहिल्यावर चक्कर येते, वजन झपाट्याने उतरते, उलटीत रक्त दिसते, ताप येतो, पोटात दुखते किंवा अंगावरून रक्त जाते, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सलाईन लावून अनेकींना लवकर आराम पडतो. गर्भवतींसाठी १०२ आणि तातडीच्या वेळी १०८ या क्रमांकांवर रुग्णवाहिका मोफत मिळते.

म्हणून बहिणींनो, खबर गावभर करू नका, पण जिच्यासोबत स्वयंपाकघर वाटून घेता तिला सांगा, आणि नाव नोंदवायला आशाताईंना सांगा. नोकरी असेल तर मुख्याध्यापिकेला किंवा एका सहकारी बाईंना विश्वासात घ्या, म्हणजे तास सुरू असताना उठून जावे लागले तर वर्ग कोणीतरी सांभाळेल. आणि सासूबाईंनो, सून ओढणी नाकाला लावून फोडणीपासून दूर सरकली तर कारण विचारू नका. तिच्या हातातला झारा तेवढा आपल्या हातात घ्या.