राखीव नटाचे मोल



स्नेहसंमेलनातील नाटकाच्या भूमिका वाटून झाल्या, की ज्यांच्या वाट्यास ‘राखीव’ हा शब्द येतो त्यांची तोंडे उतरतात. पालकांनाही त्यात कमीपणा वाटतो. माझे मत याच्या अगदी उलट आहे. ते पटविण्यासाठी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीचे उदाहरण देते.

तेथील संगीतिकांत नायक-नायिकांभोवती गाणाऱ्या-नाचणाऱ्यांचा समूह असतो. त्यांतील कोणी आजारी पडल्यास त्याच्या जागी उभा राहणारा नट ‘स्विंग’ म्हणून ओळखला जातो. तो रोज रंगमंचावर नसतो. परंतु एकाच नव्हे, तर कित्येक जणांची कामे त्याला पाठ असावी लागतात. पाठ म्हणजे केवळ शब्द नव्हेत. कोणत्या बाजूने प्रवेश करावयाचा, कोणाच्या उजवीकडून जावयाचे, खुर्ची कोणी उचलावयाची, समूहगानात कोणता स्वर धरावयाचा, हे प्रत्येकाचे निराळे असते.

रंगमंचाच्या पुढल्या कडेवर मध्यभागी शून्य धरून दोन्ही बाजूंस आकडे मांडलेले असतात. त्यांच्या आधारे स्विंग प्रत्येक गाण्याचा नकाशा काढतो व नर्तकांना निरनिराळे रंग देतो. तालमीत कडेला बसून टिपणे घेतो आणि मग एकेकाची चाल पायांत घोळवितो. एकाच रात्री दोघे गैरहजर राहिले, तर दोघांच्या कामांतील आवश्यक भाग जोडून तो एकटा वेळ निभावतो. आमच्या गोव्याकडील जत्रेच्या नाटकांत विंगेतून प्रॉम्प्टर शब्द पुरवीत असे. पण नाचणाऱ्या पायांना कोण पुरविणार?

२३ डिसेंबर २०२१ रोजी ‘द म्युझिक मॅन’ या संगीतिकेच्या नायिका सटन फॉस्टर येऊ शकल्या नाहीत. कॅथी वॉयट्को या स्विंगला हे दुपारी बारा वाजता कळले. एक वाजता त्या भूमिकेची त्यांची पहिली तालीम झाली आणि रात्री प्रयोग! नायक ह्यू जॅकमन यांनी प्रयोगाअखेर प्रेक्षकांसमोर त्यांचा जाहीर गौरव केला.

असा गौरव क्वचितच लाभतो. “कोणी आजारी पडलेच नाही, तर सारे श्रम वाया ना?” असे कोणी विचारील. मला तसे वाटत नाही. मागे कोणी सज्ज उभा आहे, या भरवशावरच पुढचे निर्धास्तपणे नाचतात.

गतवर्षी आमच्या नाटकासाठी एका विद्यार्थिनीने चार भूमिका पाठ केल्या. एकही करण्याची वेळ आली नाही. कार्यक्रमपत्रिकेत तिचे नाव घालण्याचे मात्र मीच विसरले. तिने तक्रार केली नाही. पत्रिका घडी करून दप्तरात ठेवली. ती घडी मला अजून आठवते.

म्हणून माझी सूचना अशी, की यंदापासून राखीव नटांची नावे इतरांच्या बरोबरीने छापावीत आणि एक पूर्ण तालीम त्यांच्यासाठी ठेवावी. पालकांनीही घरी आलेल्या मुलास “तुला काम मिळाले का?” असे न विचारता “तू किती कामे शिकलास?” असे विचारून पाहावे.