पितळखोऱ्याच्या स्तूपापाशी



जळगाव-धुळ्याकडच्या बहुतेक कुटुंबांनी अजिंठा पाहिलेला असतो. पितळखोरे मात्र फार थोड्यांना माहीत. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून गेले की सातमाळ्याच्या डोंगरात, गौताळ्याच्या जंगल परिसरात, ही १४ लेणी आहेत. जिल्हा छत्रपती संभाजीनगरचा, पण डोंगराखाली आपला खानदेश. वस्तीतल्या चार कुटुंबांनी आम्ही एका रविवारी तिथे गेलो आणि जवळच्या गावातला एक जाणता वाटाड्या सोबत घेतला.

गाडी वर पठारावर थांबते. पुढे पायऱ्यांनी दरीत उतरायचे. "मावशी, पाय सांभाळीसन ठेवा," असे तो म्हाताऱ्यांना सारखे बजावत होता. पावसाळ्यात इथला दगड निसरडा होतो, आणि नाल्यापलीकडच्या लेण्यांकडे जायला वाट माहीत असलेला माणूस हवाच.

तिसऱ्या क्रमांकाचे लेणे म्हणजे मोठे चैत्यगृह, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे. आत स्तूपाचा फक्त खडकात कोरलेला पाया उरला आहे. वरचा भाग बांधीव होता, तो गेला. याच पायाला लांबट खाचा आहेत. १९५० च्या दशकात पुरातत्त्व खात्याने दगडमाती उपसली, तेव्हा या खाचांत, वर दगडी झाकण बसवलेले, धातू ठेवण्याचे स्फटिकाचे छोटे करंडक मिळाले. म्हणजे स्तूप ही नुसती शोभेची वस्तू नव्हे. पूज्य व्यक्तीचे अवशेष जपण्याची ती जागा. लोणावळ्याजवळ भाजे येथे १४ लहान स्तूप ओळीने आहेत. त्यांतल्या काहींवर अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन अशी थेरांची नावे कोरलेली आहेत. दादरच्या चौपाटीवर ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले, त्या जागी आज चैत्यभूमीचा स्तूप आहे. परंपरा तीच.

हे ऐकून आमच्यातल्या एका मावशींनी पदराची गाठ सोडली. आत यजमानांची चिमूटभर रक्षा होती. स्तूपापाशी ठेवावी, एवढीच त्यांची इच्छा. वाटाड्याने हात जोडले आणि सांगितले की हे सरकारी संरक्षित ठिकाण आहे, इथे काही ठेवता येत नाही. मावशींचे डोळे भरून आले. त्याचे म्हणणे बरोबरच होते. राख, कुंकू, नारळ, खडूने लिहिलेली नावे, यांनी दोन हजार वर्षांचा दगड खराब होतो. आपणच तो जपला नाही तर दुसऱ्याला दोष कसा द्यायचा?

मग आम्ही मावशींना इथल्या लेखांतली नावे सांगितली. पैठणच्या गंधिक कुळातला मितदेव, राजवैद्य मगील, त्याची मुलगी दत्ता. यक्षाची मूर्ती घडवणारा सोनार कान्हदास. ती मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. यांतल्या कोणाची राख कुठे गेली, कोणास ठाऊक. दान दिले, काम केले, म्हणून नाव राहिले. मुलीचेसुद्धा, हे विशेष.

मावशींनी गाठ पुन्हा बांधली. परतीच्या वाटेवर त्यांनी विचारले, विहारातल्या अभ्यासिकेला एक टेबल आणि दोन बाके द्यायला किती खर्च येईल? सुताराकडे चौकशी चालू आहे. रक्षा विहाराच्या आवारात, नव्या पिंपळाच्या मुळाशी घालायची ठरली आहे.

जाणाऱ्यांनी पाणी आणि भाकरी बरोबर न्यावी. वर काही मिळेल या भरवशावर राहू नये.