रिफ्रेशर कुणाचा?

प्राध्यापकांना शिकवायला १९८७ ला अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं निघाली. २०२३ ला त्यांच्यावर मालवीय मिशनची पाटी चढली. तेच मालवीय, १९३२ च्या पुणे करारावर सवर्णांकडून सही करणारे! रिफ्रेशर केला की बढतीची पायरी. पाटी बदलली, पण नजर?

मी पुणतांब्याचा. पहिल्याच तासाला आडनाव विचारून मला मागच्या बाकावर धाडणारे सर रिफ्रेशर करूनच आले होते. आपली नेट-सेट झालेली पोरं तासिका तत्त्वावर राबतात. त्यांना बढतीच नाही, तर रिफ्रेशर काय चाटायचाय?

रोहित वेमुला २०१६ ला गेला, पायल तडवी २०१९ ला. वर्गात जात कशी शिरते, हा धडा प्रत्येक कोर्सात सक्तीचा करा. त्यात नापास, त्याची बढती बंद! मास्तरांची परीक्षा आता आपण घेऊ.