नवी की जुनी?

“काकाजी, नवी घेऊ का जुनी?” शेजारच्या पोराला रोड बाइकचं वेड लागलंय आणि गडी सल्ला मागतो कुणाला, तर गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाला! असो. माझं मत पक्कं आहे: पहिली रोड बाइक जुनीच घ्यावी. नव्या सायकलची किंमत दुकानाची पायरी उतरताच पडते आणि पहिला ओरखडा तर आपणच पाडणार असतो. रस्त्याचं म्हणाल, तर जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत उरकून गिनेस विक्रम झाला. पण त्या महामार्गापर्यंत जायला आपली गल्ली ओलांडावी लागते, तिचा विक्रम वेगळाच! म्हणून टायर २८ मिलिमीटरचे बसतात का, बघा. पुढच्या चकतीवरची साखळी बोटाने ओढा. खालचे दात उघडे पडले तर साखळी झिजलेली, तेवढे पैसे कमी करून मागा. टायरच्या कडा निरखा, आपल्या उन्हात गच्चीवर पडलेलं रबर तडकतंच. फ्रेम मात्र आपल्या मापाची नसेल तर फुकटातही नको. हेल्मेट तेवढं नवं घ्या, आणि मे महिन्यात आठच्या आत घरी या.