मेंदूतील गाठ : श्रेणी आणि रोजची दहा कामे

मेंदूत गाठ आहे असे कळले, की जळगाव-धुळ्याकडच्या घरांतही पहिला प्रश्न निघतो तो एकच : ‘ग्रेड कितवी?’ पहिली म्हटली की सारे निर्धास्त; चौथी म्हटली की माणसाच्या हातची कामे त्याच दिवशी काढून घ्यायची! दोन्हींत घाई आहे.

ग्रेड म्हणजे श्रेणी. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून, आणि आता पेशींतील जनुकांचे बदलही पाहून, ती १ ते ४ अशी ठरवतात. गाठ पुढे किती वेगाने वाढेल, याचा तो अंदाज असतो. रोगी आज काय करू शकतो, हे मात्र पुष्कळसे गाठीच्या जागेवर, भोवतालच्या सुजेवर आणि फिट्‌स येतात की नाही यावर ठरते. पहिल्या श्रेणीची गाठसुद्धा डोळ्याच्या नसेवर दाबली तर नजर नेते; लहान मेंदूत असली तर तोल घालवते. उलट चौथ्या श्रेणीचा एखादा रोगी, औषधाने सूज उतरल्यावर, काही काळ दुकानाचा हिशेबही नीट पाहतो. मात्र त्याची स्थिती आठवड्या-आठवड्यांत पालटू शकते, म्हणून नजर सतत हवी.

मग रोजचे चलनवलन मोजायचे कसे? १९६५ साली अमेरिकेत मेहोनी आणि बार्थेल या दोघींनी दहा कामांचे एक माप प्रसिद्ध केले : जेवणे, अंघोळ, तोंड धुणे-केस विंचरणे, कपडे घालणे, शौचास जाणे, शौचावर ताबा, लघवीवर ताबा, खाटेवरून उठून खुर्चीत बसणे, चालणे, जिना चढणे. एकूण गुण १००. आपल्या घरच्या भाषेत विचारायचे तर, भाकरीचा तुकडा स्वतः मोडता येतो का? सदऱ्याची बटणे लागतात का?

या मापात बोलणे आणि स्मरण येत नाही. ते निराळे पाहावे. घरात अहिराणी बोलणाऱ्या आजींची परीक्षा केवळ पुस्तकी मराठीत घेऊ नये. नातवाचे नाव, भाजीचे नाव त्यांच्याच बोलीत विचारावे.

मुलांच्या बाबतीत तर हे अधिकच महत्त्वाचे, कारण सौम्य गाठीची मुले पुढे पुष्कळ वर्षे जगतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयात २००१ ते २०१२ या काळात अशा २०० मुलांना व तरुणांना चाचणीत घेतले होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गाठीपुरत्या नेमक्या दिलेल्या किरणोपचारांनी त्यांची बुद्धी नेहमीच्या पद्धतीपेक्षा अधिक टिकली.

तेव्हा मुंबईची गाडी धरण्यापूर्वी फाइलमध्ये एक साधा कागद ठेवा : दहा कामे, आणि प्रत्येकापुढे ‘स्वतः’, ‘थोडी मदत’ किंवा ‘पूर्ण मदत’. दर आठवड्याला तो नव्याने भरा. कोणता उपचार झेपेल हे ठरवताना डॉक्टर रोग्याची अशी स्थिती पाहतातच. दहा मिनिटांच्या भेटीत प्रवासाने शिणलेला माणूस आहे त्याहून खचलेला दिसतो. घरचे चित्र त्यांना तुम्हीच देऊ शकता. एखादे काम अचानक बिघडले, नवी फिट आली, किंवा डोकेदुखी व उलट्या वाढल्या, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

आणि जे काम रोग्याला स्वतः जमते, ते प्रेमापोटीसुद्धा त्याच्या हातून काढून घेऊ नका.